गोरखचिंचेचे वय : काळाचौकीच्या शेजारचा एक आफ्रिकी वृक्ष

१/
काळाचौकीहून दक्षिणेकडे निघाले, की घोडपदेव मागे टाकून साधारण अर्ध्या तासात भायखळ्याची राणीची बाग येते. लालबाग-परळच्या कित्येक पिढ्यांनी शाळेच्या सहलीत ही वाट तुडवली आहे. २०१७ पासून तेथील गर्दी पेंग्विनच्या थंड दालनाकडे वळते. त्याच बागेत ऊनपाऊस झेलत उभ्या असलेल्या एका आफ्रिकी वृक्षाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते. तो वृक्ष म्हणजे गोरखचिंच. ती येथे कशी आली, औषध म्हणून कशी वापरली गेली, तिची निगा कशी राखायची आणि तिचे वय मोजणे इतके अवघड का, याविषयी हा धागा.

२/
प्रथम ओळख. शास्त्रीय नाव आदांसोनिया डिजिटाटा. जगभर परिचित नाव बाओबाब. या वंशात आठ प्रजाती आहेत : सहा मादागास्करच्या, एक ऑस्ट्रेलियाची आणि एक आफ्रिकेच्या मुख्य भूमीची. आपल्याकडची गोरखचिंच ही शेवटची. रांजणासारखे फुगलेले राखी खोड, त्या मानाने आखूड फांद्या आणि हाताच्या बोटांसारखी पाच ते सात पर्णिका असलेली पाने ही तिची खूण. ‘डिजिटाटा’ हे विशेषणही बोटांवरूनच आले आहे.

३/
फुले मोठी, पांढरी, लांब देठावर उलटी लोंबणारी. ती संध्याकाळी उमलतात, रात्री वटवाघळे परागीभवन करतात आणि दुसऱ्या दिवशी फुले कोमेजून गळतात. फळ टणक कवचाचे, मखमली लव असलेले. आत पांढरा, कोरडा, आंबट गर आणि त्यात रुतलेल्या काळपट बिया. या आंबटपणामुळेच नावात ‘चिंच’ आली. एरवी चिंचेशी तिचे नाते नाही. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबात ती काटेसावरीच्या आणि कापसाच्या कुळातली आहे. ज्या परिसराचा इतिहास कापसाच्या गाठींनी आणि गिरण्यांच्या भोंग्यांनी घडला, त्याच्या शेजारी कापसाची ही दूरची नातलग उभी आहे.

४/
चिंचेविषयी आणखी एक गोष्ट. काळाचौकीजवळच्या चिंचपोकळीचे नाव चिंचेवरून पडल्याचे सांगितले जाते. अरबांनी चिंचेला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, म्हटले. पण वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते चिंचही मूळची उष्ण कटिबंधातील आफ्रिकेचीच. ती इतक्या पूर्वी येथे पोहोचली, की तिचे परकेपण कोणाच्या स्मरणात उरले नाही. म्हणजे या दोन ‘चिंचां’चे कूळ निराळे असले, तरी मूळ खंड एकच आहे.

५/
गोरखचिंचेचा प्रवास तिच्या नावांत सांडलेला आहे. मराठीत गोरखचिंच, हिंदीत गोरख इमली : दोन्हीकडे नाथपंथी गोरक्षनाथांचे स्मरण. माळव्यात मांडूला तीच ‘खुरासानी इमली’ होते, म्हणजे तेथे ती परदेशातून आल्याची आठवण नावात राहिली. गुजरातेत ‘रूखडो’. उत्तर प्रदेशात किंतूर येथील गोरखचिंच ‘पारिजात’ म्हणून पुजली जाते, तर अजमेरजवळ मांगलियावास येथे तिला ‘कल्पवृक्ष’ म्हणतात. एकाच झाडाला कोठे योगी मिळाला, कोठे परदेश, तर कोठे थेट स्वर्ग.

६/
मग ती आणली कोणी? जुन्या ग्रंथांत याचे श्रेय बहुधा अरब व्यापाऱ्यांना दिलेले आढळते. काही ठिकाणी पोर्तुगीजांना. या प्रश्नाला २०१५ मध्ये नवे वळण मिळाले. त्या वर्षी रॉयल सोसायटीच्या एका नियतकालिकात भारतीय उपखंडातील गोरखचिंचेच्या आगमनावर एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. संशोधकांनी भारतातील झाडांचे जनुकीय नमुने आफ्रिकेतील झाडांशी ताडून पाहिले आणि त्याला इतिहासाच्या साधनांची जोड दिली.

७/
निष्कर्ष असा, की गोरखचिंच भारतात एकदाच आली नाही. ती अनेकदा, आफ्रिकेच्या निरनिराळ्या भागांतून आली. भारतीय झाडांचे जवळचे नाते विशेषतः आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्याशी, म्हणजे मोझांबिकच्या बाजूशी, दिसून आले. या आगमनामागे केवळ व्यापारी जहाजे नव्हती. त्या जहाजांतून स्वेच्छेने किंवा सक्तीने भारतात आलेली आफ्रिकी माणसेही होती, हा त्या अभ्यासातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा.

८/
मोझांबिकचे नाव पश्चिम किनाऱ्याच्या अभ्यासकाला परके नाही. १७५२ पर्यंत पोर्तुगीज मोझांबिकचा कारभार गोव्याहून चालत असे. हस्तिदंत, सोने आणि गुलाम यांची वाहतूक मोझांबिक, दीव, दमण आणि गोवा या बंदरांत होई. मुंबईच्या उत्तरेस वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत, चिमाजी अप्पांच्या विजयापर्यंत, पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. वसईच्या किल्ल्यात आजही गोरखचिंच दिसते, ही गोष्ट या पार्श्वभूमीवर लक्षात घेण्याजोगी आहे.

९/
फळाची रचनाच दूरच्या प्रवासाला अनुकूल आहे. ते झाडावरच वाळते. कवच टणक असल्याने आतील गर बराच काळ टिकतो, वजन कमी असते आणि पाण्यात कालवला की आंबट पेय तयार होते. ताज्या भाजीपाल्याविना महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या माणसाला असे फळ मोलाचे. गर संपला, की बिया उरतात. अशा बिया मुद्दाम आणल्या गेल्या असतील, तशा नकळतही किनाऱ्यावर उतरल्या असतील.

१०/
आता त्या माणसांकडे वळू. दख्खनच्या इतिहासात हबशी आणि सिद्दी ही नावे जागोजागी येतात. इथियोपियात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने वसवलेली खडकी पुढे औरंगाबाद म्हणून ओळखली गेली. जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता तर १९४८ पर्यंत टिकली. मराठी वाचकाला सिद्दी परिचित असतो तो प्रामुख्याने शत्रू म्हणून. त्याच्यासोबत आलेल्या बियांचा, अन्नाचा आणि औषधांचा विचार सहसा होत नाही.

११/
काळाचौकीच्या अगदी शेजारी, शिवडीला, हा इतिहास प्रत्यक्ष उतरला होता. १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी याकूत खान आपले सैन्य घेऊन शिवडीच्या किनाऱ्यावर उतरला. त्याने शिवडी घेतली, माझगाव ताब्यात घेऊन तेथे तळ दिला आणि इंग्रजांना मुंबईच्या मुख्य किल्ल्यात कोंडले. इंग्रजांनी औरंगजेबाची माफी मागून दंड भरला, तेव्हा १६९० च्या जूनमध्ये सिद्दीने माघार घेतली.

१२/
यावरून सिद्दींनी शिवडीत गोरखचिंच लावली, असा निष्कर्ष काढता येत नाही. तसे करणे ही इतिहासाशी लबाडी होईल. पण एवढे निश्चित, की आफ्रिका हा मुंबईसाठी केवळ नकाशावरचा खंड नव्हता. सिद्दींचे आरमार पावसाळ्यात माझगावच्या बंदरात मुक्कामाला येई. पुढे एकोणिसाव्या शतकात गुलामांच्या जहाजांतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना नाशिकच्या शरणपूर येथील आश्रमात ठेवले गेले आणि त्यांपैकी काही जण लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या मोहिमेत आफ्रिकेला परतले. येणेजाणे सतत चालू होते.

१३/
झाडासोबत त्याच्या औषधी उपयोगाचे ज्ञानही आले. इटालियन वैद्य प्रोस्पेरो अल्पिनी याने १५९२ मध्ये व्हेनिसला प्रसिद्ध केलेल्या, इजिप्तच्या वनस्पतींवरील ग्रंथात हे फळ वर्णिले आहे. कैरोत हे झाड वाढत नव्हते. फळे मात्र दक्षिणेकडून तेथे येत आणि औषध म्हणून वापरली जात. म्हणजे युरोपीय ग्रंथात गोरखचिंच आली ती प्रथम औषधाच्या रूपाने. झाडाची ओळख पुढची.

१४/
झाडाचे सविस्तर वर्णन केले ते मिशेल आदांसाँ या तरुण फ्रेंच निसर्गतज्ज्ञाने. तो १७४९ मध्ये सेनेगलला पोहोचला आणि सुमारे पाच वर्षे तेथे राहिला. स्थानिक लोक पानांची पूड करून आहारात वापरत, ते त्याने पाहिले. तेथील तापापासून बचाव व्हावा म्हणून त्याने स्वतःही गोरखचिंचेचे पेय नेमाने घेतले. लिनियसने वंशाला दिलेले ‘आदांसोनिया’ हे नाव त्याच्यावरूनच. आदांसाँला हे ज्ञान देणाऱ्या सेनेगली माणसांपैकी कोणाचेही नाव मात्र झाडाला लागले नाही.

१५/
मुंबईत या उपयोगांची नोंद डॉ. विल्यम डायमॉक यांनी केली. ते मुंबई सरकारच्या वैद्यकीय भांडाराचे प्रमुख होते आणि पश्चिम भारतातील औषधी वनस्पतींचा त्यांचा अभ्यास मोठा होता. वॉर्डन आणि हूपर यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा ग्रंथ १८९० च्या सुमारास तीन खंडांत प्रसिद्ध झाला. कोकणात गोरखचिंचेचा गर ताकातून अतिसारावर आणि आमांशावर देतात, असे तो सांगतो. मुंबईत जिरे व साखर घालून केलेले गराचे सरबत पित्तावर दिले जाई, अशीही माहिती त्यात आहे.

१६/
या नोंदीतील ‘ताक’ महत्त्वाचे आहे. आफ्रिकेत हाच गर पाण्यात किंवा दुधात कालवतात. कोकणात पोचल्यावर तो ताकात पडला, त्याच्यात जिरे आले. कोठल्याशा घरात कोणीतरी प्रथम हा मेळ घातला, तो उपयोगी ठरला, शेजारी गेला, पुढच्या पिढीकडे गेला आणि अखेर एका इंग्रज डॉक्टरच्या ग्रंथात उतरला. परदेशी झाड देशी होते ते असे, घराघरांतून.

१७/
सालीची कथा वेगळी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास क्विनीन महाग होते आणि हिवताप सर्वत्र. गोरखचिंचेची साल सिंकोनाच्या सालीला पर्याय ठरेल, अशी आशा त्या काळी काही युरोपीय वैद्यांनी व्यक्त केली. ती फळाला आली नाही. सिंकोनाची जागा ती घेऊ शकली नाही. गराचे महत्त्व मात्र पुढे रसायनशास्त्रानेही मान्य केले : त्यात क जीवनसत्त्व भरपूर, शिवाय आंबटपणा देणारी सेंद्रिय आम्ले. २००८ मध्ये युरोपीय संघाने या गराला खाद्यपदार्थ म्हणून मान्यता दिली. कोकणच्या ताकात गेलेला गर आता परदेशी दुकानांत पुडीतून विकला जातो.

१८/
आता बागेकडे. १८३० मध्ये ‘ॲग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने शिवडीला बाग उभारली. देशोदेशींची उपयुक्त झाडे मुंबईच्या हवेत कितपत रुजतात, हे पाहणे हा अशा बागांचा हेतू असे. १८६० च्या दशकात ती जागा ख्रिस्ती दफनभूमीसाठी घेण्यात आली. आजची शिवडीची दफनभूमी ती हीच. काळाचौकीहून पूर्वेकडे थोडे चालले, तर एका हरवलेल्या वनस्पतिउद्यानाची ही जागा लागते.

१९/
शिवडीची बाग गेली, पण भायखळ्याला नवी उभी राहिली. माझगावच्या माउंट इस्टेटच्या जागेवरील व्हिक्टोरिया गार्डनचे उद्घाटन १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते झाले. १८७२ मध्ये बागेच्या आवारात वस्तुसंग्रहालय खुले झाले. ज्यांचे नाव आज त्याला आहे, ते डॉ. भाऊ दाजी लाड स्वतः महारोगावर वनस्पतिज तेलाचा उपाय शोधणारे वैद्य होते. १८७३ मध्ये बाग नगरपालिकेकडे आली. आज तिचे नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. मुंबईकरांच्या तोंडी मात्र राणीची बाग.

२०/
उद्घाटनाची तारीख सापडते, उद्घाटन करणाऱ्या बाईंचे नाव सापडते. बी कोणी पेरले, पहिल्या चार उन्हाळ्यांत मडक्याने पाणी कोणी घातले, याची मात्र नोंद कोणी ठेवली नाही. ते काम माळ्यांचे होते. गोरखचिंच वाढवणे म्हणजे काय, हे समजून घेतले, तर त्या नोंद न झालेल्या श्रमांची थोडी कल्पना येते. म्हणून आता लागवडीविषयी.

२१/
बियांचे आवरण इतके कठीण असते, की तशीच पेरलेली बी महिनोन्महिने निद्रिस्त राहू शकते. आफ्रिकेत हत्ती फळ खातात आणि त्यांच्या पोटातून गेलेल्या बिया लवकर रुजतात. माळ्याला हत्तीचे काम हाताने करावे लागते : आवरण कानसीने किंचित घासायचे, किंवा कढत पाणी ओतून ते निवेपर्यंत आणि पुढे दिवसभर बी त्यातच भिजू द्यायचे. उन्हाळ्याच्या अखेरीस पेरावे. कोंब येण्यास दोनतीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक लागतात.

२२/
रोपाला प्रथम साधी, अखंड पाने येतात. बोटांसारखी पाने नंतर. त्यामुळे गोरखचिंचेचे रोप पुष्कळदा ओळखूच येत नाही आणि तण समजून उपटले जाते. जमिनीखाली मात्र त्याचे सोटमूळ मुळ्यासारखे जाड होऊन पाणी साठवू लागते. म्हणून उथळ कुंडीत रोप फार काळ ठेवू नये. मूळ वळले, की पुढे झाडाचा आधार कच्चा राहतो. ऊन दिवसभर हवे. सावलीत रोप नुसते उंच आणि लुकडे होते.

२३/
मुंबईत या रोपाला उन्हाळा मारत नाही; मारते ते साचलेले पाणी. काळाचौकीच्या पूर्वेकडची, कॉटन ग्रीनच्या बाजूची मोठी जमीन विसाव्या शतकाच्या आरंभी पोर्ट ट्रस्टने माझगाव-शिवडी भरणीत समुद्रातून वर काढली. अशा भरावाच्या जमिनीत निचऱ्याची खात्री नसते. तेथे लावायचे झाल्यास उंचवटा करावा, माती भुसभुशीत ठेवावी, रेती मिसळावी. मुळाशी पाणी तुंबले, की मऊ गाभा कुजतो आणि बाहेरून ठणठणीत दिसणारे रोप एके दिवशी कोलमडते.

२४/
दुसरी चूक म्हणजे हिवाळ्यातील पाणी. पाने गळाल्यावर झाड विश्रांती घेत असते. या काळात लहान रोपाला पाणी जवळजवळ बंद करावे. मोठ्या झाडाला तर वेगळे पाणी कधीच लागत नाही. ते खोडातच साठवलेले असते. अर्धे वर्ष निष्पर्ण उभे राहणारे हे झाड मेलेले समजले जाण्याचा धोका मोठा. ‘वाळलेले झाड’ असा शेरा मारण्यापूर्वी एक पावसाळा वाट पाहणे, एवढी साधी काळजी त्याच्यासाठी पुरेशी आहे.

२५/
या झाडाची सोशिकताही विलक्षण आहे. खोडाभोवतीची साल काढून घेतली, तर बहुतेक झाडे मरतात. गोरखचिंच नवी साल धरते. आफ्रिकेत पिढ्यान्‌पिढ्या तिच्या सालीचे दोर वळले जातात आणि झाड उभेच असते. ती पोकळ होऊनही जगते. १३५२ मध्ये मालीच्या वाटेवर इब्न बतूताने अशी प्रचंड झाडे पाहिली. काहींच्या पोकळीत पावसाचे पाणी साठले होते आणि एकीच्या आत तर एक विणकर माग मांडून कापड विणत बसला होता. गिरणगावाच्या वाचकाला हा विणकर भेटावा, हा योग सुखद आहे.

२६/
पण हीच पोकळी इतिहासकाराची अडचण होते. वय सांगणारा गाभाच नसेल, तर वय मोजायचे कसे? लाकडातील वर्तुळेही अस्पष्ट आणि बेभरवशाची. आदांसाँने सेनेगलच्या किनाऱ्याजवळील बेटावर, जुन्या युरोपीय खलाशांनी खोडांवर कोरलेली नावे पाहिली आणि त्यावरून वाढीचा हिशेब मांडला. त्यातून मोठ्या झाडाचे वय निघाले ५,१५० वर्षे! बायबलच्या कालगणनेप्रमाणे जलप्रलयाच्याही आधीचे. युरोपात यावर बराच काळ वाद झाला. हिशेब चुकीचा होता.

२७/
विसाव्या-एकविसाव्या शतकांत किरणोत्सारी कार्बनच्या पद्धतीने यातील बराच गोंधळ मिटला. रुमानियाचे संशोधक आड्रियान पात्रुत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की जुनी गोरखचिंच बहुधा एक खोड नसते. वेगवेगळ्या वयाची अनेक खोडे वर्तुळात वाढून एकजीव झालेली असतात. झिंबाब्वेतील पांके या झाडाचे वय सुमारे २,४५० वर्षे निघाले. म्हणून केवळ घेर मोजून वय सांगणे म्हणजे एकत्र कुटुंबातील सर्वांच्या वयांची बेरीज आजोबांच्या नावावर मांडणे.

२८/
हा प्रश्न आता केवळ अभ्यासकांचा राहिलेला नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या नागरी वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ मानण्यात आले आणि ते तोडावे लागल्यास त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आली. म्हणजे वयाचा आकडा आता भरपाईचा आकडा झाला. ज्या झाडाचे वय कार्बन-चाचणीविना कळत नाही, ते झाड या हिशेबात हमखास अडचणीत येते.

२९/
२०२३ मध्ये सांताक्रूझला मेट्रोच्या कामाच्या वाटेत आलेली एक जुनी गोरखचिंच तोडली गेली. तिचे वय तीनशे वर्षे असल्याचे त्या वेळी बातम्यांत म्हटले गेले. तो आकडा बरोबर असो वा नसो, झाड गेल्यावर वयाची चर्चा रंगली. उभे असताना तिच्या खोडाचा नमुना कोणी तपासला असता, तर एका झाडाच्या जन्मकाळावरून मुंबईच्या किनाऱ्यावर त्या काळी कोण येत होते, याचा एक धागा हाती आला असता. झाडासोबत तो पुरावाही संपला.

३०/
काळाचौकीपुरते बोलायचे, तर येथील भूगोल झपाट्याने बदलतो आहे. इंडिया युनायटेड मिल क्रमांक २-३ च्या आवारात वस्त्रोद्योगाचे संग्रहालय व्हायचे आहे. अभ्युदयनगरसारखी जुनी वसाहत पुनर्विकासाच्या वाटेवर आहे. नव्या संकुलांत बाग बहुधा वाहनतळाच्या छतावर, काही फूट मातीच्या थरावर केली जाते. तेथे शोभेची झुडपे जगतात. सोटमूळ खोल पाठवणाऱ्या, शतके जगणाऱ्या झाडाला मात्र खाली खरी जमीन लागते.

३१/
जुन्या गोरखचिंचेसाठी करायचे ते फार थोडे आहे. बुंध्याभोवती काँक्रीट किंवा फरशी घालू नये. मुळांवर राडारोडा टाकू नये. खोडात खिळे ठोकू नयेत, दिव्यांच्या माळा आवळू नयेत. पोकळी सिमेंटने भरू नये. आत ओल कोंडते आणि कूज वाढते. निष्पर्ण दिसली म्हणून घाई करू नये. साल सोलूनही जगणारे हे झाड मुळाखालची जमीन गेल्यावर जगत नाही.

३२/
आज काळाचौकीच्या एखाद्या मोकळ्या कोपऱ्यात बी पेरले, तर पहिले फूल यायला साधारण पंधरा-वीस वर्षे लागतील. पेरणाऱ्याला खोडाचा घेर पाहता येणार नाही. मोझांबिकच्या किनाऱ्यावर बी गाठीला बांधणाऱ्यालाही तो पाहता आला नसेल, राणीच्या बागेतल्या माळ्यालाही नाही. निदान या वेळी पेरणाऱ्याचे नाव आणि पेरणीची तारीख कोठेतरी लिहून ठेवावी. दोनशे वर्षांनी कोणी या झाडाचे वय विचारले, तर उत्तर देण्यासाठी खोड कापावे लागणार नाही.

(धागा समाप्त)